सव्वा मूठ

१३ जुलै, रविवार
माझ्या रोहनला अठरा पूर्ण झाली म्हणून सगळे पिक्चरला. पठ्ठ्याने तिसऱ्यांदा बघितला. हीरो मुलीच्या थोबाडीत मारतो, ती रडते आणि त्यालाच मिठी मारते. थिएटरभर शिट्ट्या. आमचे हे पण हसत होते. मी म्हटलं, मला कुणी मारलं तर मी मिठी मारेन का? हे म्हणाले, "पिक्चर शे तो. डोकं काब्र लावस?" पॉपकॉर्न मात्र छान होते.

१८ जुलै
रो. दाढी वाढवतोय. रोज तेल काय, कंगवा काय. सुरतेत, गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत संथ चालतानाचा व्हिडिओ, मागे पिक्चरचं गाणं. खाली सगळे भाई, भाई. इथे भाईच्या चड्ड्या मी धुते.
समोरची मंगला बोलायला आली होती. तिची काजल साड्यांच्या पॅकिंगला जाते, रिक्षामागे रो.ची बाईक. "वैनी, पोऱ्याले सांगा. काजल घाबरस."
सांगितलं. तर म्हणे, "मम्मी, टेन्शन मत ले. लडकी की ना में हां होती है." कुठून शिकला ते विचारायची गरज नव्हती.

२७ जुलै, रवि.
पुढच्या रविवारी घरात कानबाई देवी बसणार. आज रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू काढले. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, आणि आमच्याकडे ज्याची मूठ त्यानेच टाकायची. ह्यांनी टाकली, दिरांनी टाकली, त्यांच्या दोघा पोरांनी. बायकांची मूठ नसते. दळण, लाटणं, भाजणं आमचं.
रो.चा पत्ता नाही. त्याच्यासाठी पिशवी उघडी ठेवली. संध्याकाळी आला तो थेट मोरीत, कितीतरी वेळ हात धूत होता. जेवला नाही. मग गल्लीत मंगलाचं रडणं ऐकू आलं.
रिक्षा स्टँडवर काजलला मारलं. सगळ्यांसमोर. मित्राने व्हिडिओ काढला.

२८ जुलै
काजलच्या कानाचा पडदा फाटलाय.
व्हिडिओ मी पाहिला, त्या मित्राने पुसायच्या आधी. मुलगा पाठमोरा आहे, डोक्यावर टोपी. पण माझ्या पोराची पाठ मला कळणार नाही? मारल्यावर तो थांबतो. उभाच राहतो. कशाची वाट बघतोय ते मला कळलं. ती रडत येऊन मिठी मारेल म्हणून थांबला होता. ती कान धरून खाली बसली. मग त्याने दुसरी मारली.

३० जुलै
मंगलाने तक्रार दिली. पोलिसांतल्या बाई येऊन गेल्या. रिक्षावाल्यांपैकी कुणी काही पाहिलं नाही म्हणतात. हे म्हणाले, रोहन रविवारी दिवसभर घरी होता, देवीच्या रोटासाठी मूठ टाकत होता. बाई गुजराती, त्यांना सगळा विधी समजावून सांगितला. वर कानबाईची शपथ. माझा जबाब घ्यायला शनिवारी येतील.
त्या गेल्यावर मला, "तूबी हाईच सांग."
मी वाळलेले कपडे काढायला बाहेर गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आले तर हे पिशवीपाशी. रो.च्या नावाची मूठ स्वतःच टाकत होते.

१ ऑगस्ट
दर वर्षी कानबाईची गाणी आमच्या घरी मंगला म्हणते. तिच्यासारखा गळा गल्लीत कुणाचा नाही. आज भाजीच्या गाडीवर भेटली. "औंदा गाणं नही, वैनी." एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.
रो. खोलीतून बाहेर येत नाही. लहानपणी त्याच्या मुठीत चार गहू मावायचे, मी खाली हात धरायचे. तुरुंगात गेला तर? मला त्याच्यासाठी भीती वाटते. त्याची पण वाटते. आईने असं लिहू नये, पण खरं आहे.
आणि मी खोटं बोलले तर काजल खोटी ठरते. तिच्या बाजूने दुसरं कोण

२ ऑगस्ट, शनि.
आज गहू गिरणीत जायला हवेत. रो.ला हाक मारली. म्हटलं, रविवारी घरी होतास ना? मग टाक मूठ, देव्हाऱ्यासमोर. मी बघते.
हे मध्ये पडले, "मी टाकी दिन्ही ना त्यानी."
म्हटलं, ज्याची त्यानेच टाकायची असते.
रो. उभा राहिला. हात खिशातून काढलाच नाही. मग खाली बघत म्हणाला, "वो मेरे पे हंसी थी, मम्मी. सबके सामने." मारलं हे त्याने पहिल्यांदाच कबूल केलं. ह्यांनी ऐकलं. मला म्हणाले, काही ऐकलं नाहीस तू.
तेवढ्यात पोलिसांतल्या बाई आल्या. पाण्याच्या निमित्ताने आत आलेय, घाईत लिहितेय. पिशवीतले गहू सगळे एकत्र झालेत, ती मूठ आता वेगळी काढता येत नाही. रो. दाराआडून माझ्याकडे बघतोय. खिडकीतून समोरचा ओटा दिसतो. काजल बसलीय, कानात कापूस. तीही इकडेच बघतेय.
बाहेरून बाई म्हणतात, "आवो ने, बेन."
पाणी घेऊन जाते.