कवळीतला मासा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा कवळ्या बनवणे, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे, हात किंचित थरथरतो आणि माझ्यावर कुणाचा दबाव नाही. थोरल्या मुलाने आणून पाहिला, जमले नाही.

१. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. मात्र पुढच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा बोटभर मासा जिवंत असेतो टाकी हलवू नये आणि घर विकू नये. थोरला म्हणाला, "बाबा, एका माशासाठी घर अडवून ठेवणार?" तर हो. त्याच्या व्यायामाच्या सायकलीने ते अकरा वर्षे अडवलेलेच आहे.

२. बँकेतली ठेव दोघांना सारखी. तिच्यावरून भांडू नये, भांडण्याजोगी नाही.

३. मासा धाकटीच्या स्वाधीन. मी गावाला गेलो असता टाकीतले पाणी कमी झाले म्हणून थोरल्याने वरून मिठाचे पाणी ओतले. पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. भर घालायची ती साध्या गाळलेल्या पाण्याचीच, हे त्याला दहादा सांगितले होते. मासा दोन दिवस तळाशी आडवा पडला होता. थोरला म्हणाला, "झोपला असेल."

४. मेणाच्या सुऱ्या, कानशी आणि पॉलिशचे यंत्र दातांच्या डॉक्टरांना. माझ्या कवळ्या त्यांनी चाळीस वर्षे "मी केलेल्या" म्हणून पेशंटना दाखवल्या. आता एक करून पाहावी.

५. आता मुख्य गोष्ट. हा मासा समुद्रात समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या, आसऱ्याने राहतो. आमच्या टाकीतले समुद्रफूल महिन्याभरात मेले. त्याच सुमारास मी बायकोला कवळी करून दिली. ती म्हणाली, "टोचते." मी म्हणालो, "माझं माप चुकत नाही. तुझा जबडा चुकतोय." पुढे रोज हेच. शेवटी एका दुपारी जेवता जेवता तिने वरची कवळी काढली आणि टाकीत भिरकावली. आठवडाभरात मासा त्या गुलाबी हिरड्यांखाली राहायला गेला. तिने वाकून पाहिले नि म्हणाली, "चला, एकाला तरी बसली!"

मी दुसरी करून दिली नाही. तिनेही मागितली नाही. चार वर्षे सगळे कुस्करून खाल्ले आणि गेली.

नंतर कपाट आवरताना तिच्या जबड्यांचे साचे हाती लागले. जुळवून पाहिले तर खालचा जबडा चांगला अडीच मिलिमीटर पुढे धरलेला. मग आठवले. मेणाचा पट्टा चावून धर म्हणताना मी डॉक्टरांच्या आवाजाची नक्कल केली होती आणि तिला हसू आवरत नव्हते. हसत्या तोंडाचे माप मी घेतले आणि कवळी रोजच्या तोंडाला दिली. शिकाऊ पोरालाही मी असे करू दिले नसते. चूक माझी होती. तिचा जबडा बरोबर होता. हे तिच्यासमोर म्हणायला हवे होते, म्हटले नाही, याची मला लाज वाटते.

टाकीतली कवळी माशाच्या मालकीची आहे. तिच्यावर कुणी हक्क सांगू नये. चूक दुरुस्त करून केलेली नवी कवळी टेबलाच्या वरच्या खणात, निळ्या डबीत आहे. बसते का, हे सांगायला कुणी उरले नव्हते. मला निरोप देताना ती डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवावी. माझी मीच नेऊन देईन. टोचते म्हणाली, तर या वेळी ऐकेन.

सही: कवळीवाला
साक्षीदार: दातांचे डॉक्टर (कलम चार दोनदा वाचून सही केली)
साक्षीदार: शेजारचे निवृत्त पोस्टमन
ठिकाण: पुढची खोली, टाकीसमोर
दिनांक: एकोणीस, तिचा वाढदिवस