कृष्णातचा डबा शोधू नका

मिरज, ता. १२-१-७५

कृष्णातच्या आबांना हरणाबाईचा मिरजेतनं नमस्कार.

वहिनीचं आपरेशन नीट झालं, काळजी नको. तुमचा खोकला कसा हाय? म्हशीला वैरण येळेवर घालताय न्हवं?

आवं, कृष्णातचा डबा घरात शोधू नका. त्यो मी हितं घिऊन आलीया. माझ्या माघारी तुमी सांगलीच्या एस्टीत डबा ठेवणार, हे ठावं हुतं मला. पोरानं दारूपायी कुपवाडातली नोकरी घालवली, तरी घरची भाकरी रोज स्टँडवर हजर! मग त्यो कशाला सुधरंल?

सांगली हितनं जवळच. त्याला निरोप धाडला, जेवायला ये, पर शुद्धीत ये. परवा झोकांड्या देत आला. दारातनंच माघारी लावला. माझा दादा लय चिडला, पर मी ऐकलं न्हाई.

काल सरळ चालत आला. पोटभर जेवला. जाताना म्हणला, "आये, उद्याचं डब्यात घालून दे."

म्हटलं, "उद्याची भूक घिऊन उद्या ये."

तुमी मला दगडाच्या काळजाची म्हणा, खुशाल म्हणा.

आज त्याच्या आवडीची लसणाची चटणी कांडलीया. दिवस कलला, अजून आला न्हाई. ताट वाढून झाकून ठेवलंय. डबा मातर मी भरणार न्हाई.

तुमची,
हरणा