खरवडलेलं नाव

पारामारिबो, ४ ऑगस्ट

ती. अकुबामावशीस, अजुबाचा सा. न. वि. वि.

गुलामीच्या मळ्यातून पळून जंगल गाठणाऱ्या आपल्या मूळ आजीचा पुतळा इथे राजधानीच्या चौकात उभा राहतोय. पुतळ्याच्या समितीत आपल्या नदीकाठची मी एकटीच. पुतळ्याखालच्या दगडावर मळ्याच्या मालकानं तिला दिलेलं, त्याच्या वहीतलं नाव ‘सुझाना’ कोरायला निघाले होते. माझं डोकं फिरलं. लहानपणी पहाटे तू माझ्या कानात सांगितलेलं तिचं जंगलातलं नाव मी भर सभेत सांगितलं. टाळ्या पडल्या, तेच कोरायचं ठरलं. दहा ऑक्टोबरला अनावरण आहे. उसाची दारू घेऊन ये, पूर्वजांना धार तुझ्याच हातची हवी.

लोभ आहेच, तो घेऊन ये.
अजुबा

नदीकाठ, २१ ऑगस्ट

चि. अजुबा हिस, आशीर्वाद तूर्त राखून ठेवला आहे.

पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं. त्यात नाव लिहिलं नाहीस, एवढी तरी अक्कल उरली म्हणायची. ते नाव काढून घ्यायला मालकाच्या शिपायांनी आजीच्या भावाची हाडं मोडली. तो मेला, पण बोलला नाही. आणि तू चहा-बिस्किटांवर सांगून मोकळी झालीस. पेपरातला फोटोही पाहिला. पुतळ्याच्या पायात साखळी आहे. तिनं तोडली, तुम्ही पुन्हा घातलीत. मी येणार नाही. धार त्या टाळ्यांवर ओत.

लोभ मागू नकोस.
अकुबा

पारामारिबो, १२ सप्टेंबर

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

मीही चिडले होते. तुम्ही नाव लपवता म्हणूनच मालकाचं नाव दगडावर जातं, असं चार पानं लिहिलं आणि फाडलं. मग पाथरवटाकडे गेले. तो आपल्याच नदीवरचा. माझ्याच तोंडून ऐकून त्यानं दगडावर कोरलेलं ते जंगलातलं नाव आम्ही दोघांनी खरवडून काढलं. साखळी काशाची, ती निघाली नाही. समितीनं बोलावून नाव विचारलं, कारण टाळ्या वाजवणाऱ्या नऊजणांपैकी एकालाही ते आठवेना. तीनदा विचारलं. मी गप्प बसले. त्यांनी मला समितीतून काढलं, आणि त्या पाथरवटानं ‘सुझाना’ कोरायला साफ नकार दिला.

रागाखाली थोडा लोभ उरला असेल तर कळव.
अजुबा

नदीकाठ, २८ सप्टेंबर

चि. अजुबा हिस, राखलेला आशीर्वाद सोबत पाठवते आहे.

राग गेलेला नाही, साखळीचा तर मरेपर्यंत जाणार नाही. दगड कोराच राहू दे. दहा तारखेला तिथे फिरकू नकोस, होडीनं इकडे ये. तुला सांगितलं ते निम्मंच नाव होतं. लहान पोरींना तेवढंच सांगतात. बाकीचं, जिला तोंड मिटता येतं तिला. मास्तर लिहून घेताहेत, म्हणून इथे सांगत नाही.

पहिला कोंबडा आरवायच्या आत माझ्या दारात ये. लोभ तिथेच मिळेल.
तुझी मावशी