थिनरचा वास

ठाणाकुशनूर, मंगळवार, दिवेलागण

आज नको ते केलं. दादाला जाऊन तीन दिवस झाले. वहिनीच्या बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं, तरी आत्याची नजर तिच्या नखांवरच. "नखं अजून लाल कामून? पूस ती," मला म्हणाली. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. कामून म्हणाले न्हाई?

नेलपॉलिश दादानंच लावलं होतं, शेजारच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. दारांना वार्निश मारणारा हात त्याचा, नखाबाहेर थेंब जाऊ दिला नव्हता. आता ते काढायला घरात काहीच नव्हतं, म्हणून त्याच्याच दुकानातनं थिनरचा डबा आणला. तिथं एक दार अर्धंच वार्निश मारून उभं होतं.

मी एकेक नख पुसत गेले. तो थिनरचा वास! दादा कामावरून आला की अस्साच यायचा. वहिनी रडली नाही. बोटं नाकाशी नेऊन हळूच म्हणाली, "ह्यांच्या हातांचा वास यायलाय."

आत्याचं समाधान झालं. ताटं वाढली, तर वहिनी उठेना.

"दोन घास खा की," मी म्हणाले.

"भूक लागलीय गं," ती म्हणाली, "पण हात धुवावे लागतील."