तुझ्या घरची कवेलू माझ्या खोल्यांवर

दिघोरी, १२ जून १९८३

प्रिय दादा,

काल, शनिवार, ११ जून, दुपारी सव्वाचार वाजता मी तुझ्या मागच्या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवला आणि तुझी लबाडी पकडली. तू जाऊन पाच महिने झाले म्हणून सुटलास, असं समजू नकोस.

दरवर्षी भाऊबीजेला मी यायची, ती ओसरीपर्यंतच. मागं जायला निघाले की तू आडवा. "तिकडं धान भरून हाये बाई, उंदरं हायेत." मी उंदरांना भिते हे तुला लहानपणापासून ठाऊक. काल पाहिलं, उंदीर नव्हतेच. अर्धं छप्परही नव्हतं. वर कौलांच्या जागी नुसते बांबू, त्यावर भाताचं तणस, तणसावर फाटकी ताडपत्री, आणि खाली वहिनीचं अंथरूण.

"वहिनी, कवेलू कुठं गेली?"

"साकोलीले," वहिनी म्हणाली. जशी काही ती लग्नाला गेली होती.

मग एकेक बाहेर आलं. निवृत्तीच्या पैशातून मी साकोलीला चार खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. मी नागपुरात, म्हणून देखरेख तुझ्याकडे. भाडं तू न चुकता पाठवायचास, दुरुस्तीचं मात्र कधी अवाक्षर नाही. नागझिऱ्याकडून आलेल्या वानरांनी छपरावर उड्या मारल्या, तेव्हा तू आपल्या घरची कवेलू उतरवलीस आणि धान विकायला जाणाऱ्या बंडीत घालून नेलीस. पुढं वावधनानं भाडेकरू मेश्रामबाईंच्या खोलीवरचं छप्पर उडालं, तेव्हा पुन्हा तेच. माझ्या भाडेकरूंच्या डोक्यावर तुझं छप्पर, आणि तुझ्या बायकोच्या डोक्यावर तणस. याला काय म्हणायचं?

आणि ते दार! आठवतं? तिसऱ्या खोलीची चौकट उधईनं खाल्ली, त्यानंतर मी पाहणीला आले होते. दारावर हात फिरवून विचारलं, "जुनं सागवान आहे रे. कुठं मिळालं?"

"भेटलं एका मान्साकडून."

"मूर्खच असला पाहिजे. असं दार कोणी देतं?"

"असतात वो बाई, असेबी लोक असतात."

तोंडावरची रेषही हलली नाही तुझी. काल कळलं, ते तुझ्या कोठ्याचं दार. बैल दोन हिवाळे बारदानाच्या पडद्याआड उभे होते.

इकडे नागपुरात मी माझ्या निवृत्त मैत्रिणींना धडे देत होते. म्हणे, घर नीट बांधलं की दुरुस्ती निघतच नाही, खर्च निघतो तो मालकाच्या आळसामुळं. माझ्या भरवशावर एकीनं बिचारीनं दोन खोल्या बांधायला काढल्या. आता तिला मी काय तोंड दाखवू?

माझीही चूक आहे, तीही लिहिते. पहिल्याच वर्षी मी तुला कार्ड टाकलं होतं, "मला विचारल्याशिवाय एक खिळाही ठोकू नये." कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर, खाली दोन रेघा. वहिनी म्हणते, ते कार्ड तू दोनदा वाचून घेतलंस आणि म्हणालास, "बाईले इचारायचं म्हनजे पैसे मागायचे. बहिनीकडं हात पसरू का मी?" आणि वहिनीला शपथ घातलीस, बहिणीच्या घरची काडीसुद्धा आपल्या घरात यायची नाही.

दादा, भाऊ बहिणीचं घेत नाही, हे मलाही माहीत आहे. पण ती बहीण सासरी दिलेली असते. मी कोणत्या सासरी गेले होते रे? लग्नच केलं नाही मी. मला दुसऱ्याच्या घरची कोणी केली? तूच ना? रागापेक्षा हे जास्त लागलं मला.

आज सकाळी कुंभाराकडून बंडीभर कवेलू आणवली. अंगणात पडून आहेत. वहिनी दारात उभी. "मी चढवू देनार नाही बाई. ते गेले म्हनून त्याईचा सबूद गेला का?"

"मृग लागला वहिनी. ही ताडपत्री किती दिवस टिकेल?"

"पानी येईल तं मी ओसरीत बसन."

सत्तरीला टेकलेली बाई पावसाळाभर ओसरीत बसणार! तुझा शब्द तिनं धरला आहे, आणि तो सोडवायला तुझ्याशिवाय कोणी नाही. तेव्हा हे तुलाच लिहिते. वाचून दाखवेन तिच्यासमोर, तुझ्या फोटोपुढं, मोठ्यानं.

मी वचन देते की साकोलीच्या खोल्यांचं पुढं जे मोडेल ते मी जाऊन दुरुस्त करीन. मेश्रामबाईंना सांगून ठेवते की वानर दिसलं तरी मला कार्ड टाका. बैलांना दार मिळेल. वहिनी या घरात, तिच्याच खोलीत, कोरडी झोपेल.

तुझी काही हरकत असल्यास उद्या, सोमवारी, सकाळी दहाच्या आत लेखी कळवावी. तोंडी निरोप, स्वप्नात येणं, कावळ्यानं शिवायला नकार देणं, यांतलं काहीही ग्राह्य धरलं जाणार नाही. दहापर्यंत कागद न आल्यास तुझी संमती आहे असं मी वहिनीला सांगेन आणि माणसाला शिडी लावायला लावीन.

तुझीच, तुझ्याच घरची,
कुसुम