नुजहतची अमानत

६ नोव्हेंबर
कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत नुजहत माझी पोळी-भाजी खायची, मी तिच्या शेवया. सिस्टर रागवायच्या – उष्टं खाऊ नका! आज तेच आठवतंय. तिला जाऊन महिनाच झाला, आणि तिचा भाऊ रियाज दारात. "दीदी, बहन की पेटी दे दीजिए."

पत्र्याची पेटी. एकोणीस वर्षांपूर्वी कुलूप लावून तिने माझ्याकडे ठेवली. "वीणा, ये अमानत है." एवढंच. त्याच्या मते आत घराचे कागद आहेत. मला माहीत नाही.

हे म्हणाले, "काहून जीव आटवून राहिली? भाऊच आहे, देऊन टाक. सोमवारी तुझं ऑपरेशन."
हृदयाचं. मी उठलेच नाही, तर हे नक्की देतील.
रियाजला रविवारी या म्हटलं.

७ नोव्हेंबर
काल रियाजने पेटीवरचं हळद-कुंकू पाहिलं होतं. दर दसऱ्याला शिलाई मशीनबरोबर तिलाही लावते – घरातली वस्तू म्हणून, विचार न करता. "हमारी चीज़ पर ये?"
नखाने खरवडलं. रंगच निघाला पत्र्याचा.

८ नोव्हेंबर
बूढ़ापारा मोहल्ल्यात कुलसूम आपांकडे गेले. नुजहतला कुरआन त्यांनीच शिकवलं. जिन्यात दोनदा बसले.

अमानत म्हणजे सांभाळायला दिलेली वस्तू, असंच मी धरून चालले होते. आपांनी सूरह निसा उघडली – अमानती ज्यांच्या त्यांना पोचत्या करा, असा हुकूम आहे. जो मागेल त्याला नाही, ज्याचा हक्क त्याला. अमन, ईमान, अमानत एकाच मुळातले. "जिसके पास रखकर आदमी बेफ़िक्र हो जाए."

मान खाली घालून कुंकवाचं सांगितलं.
"ताला खोला कभी?"
"नाही."
"फिर?"

घरी येऊन नुजहतच्या मुलीला, सबीहाला, भिलाईला फोन केला.

९ नोव्हेंबर, रविवार
रियाज दहालाच आला. पेटी मांडीवर घेऊन बसले. सबीहा येतेय, तिलाच देईन, म्हटलं. तो बरंच बोलला – हिंदू के घर में हमारा फ़ैसला होगा? मी पेटी धरून राहिले. शेवटी हेच म्हणाले, "भैया, आवाज खाली. बीमार बाई आहे." गेला.

सबीहा बाराला आली. पत्र्याला गाल लावून बसली. कुंकू पुसून देते, म्हटलं.
"रहने दीजिए, मौसी. अम्मी को मालूम था. हँसती थीं."

१० नोव्हेंबर, सकाळ
गाडी आली. मोत्यांची नथ सूनबाईला, राधिकाला. शिलाई मशीन शिवायला येणाऱ्या अंजनाबाईला. तिचे हात मशीनवर बसलेत. ही वही यांना नाही. सबीहाकडे ठेवायला. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच.

परत आले तर मागून घेईन.