शेवंतीचं रक्त एकदम नॉर्मल

३ जानेवारी, शुक्रवार
संयोगिता हुपरीला माहेरी गेली. धाकट्या बहिणीचं बाळंतपण. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच दोन दिवसांच्या वर ऱ्हाणार हाय. गोठ्याच्या दारातनं सारखी मागं फिरत हुती. तिची लाडकी शेवंती व्यायला झालीय. मी म्हटलं, बारसं उरकूनच ये, गाईचं माझ्याकडं लागलं. ती म्हटली, तेच तर. अर्थ लागला न्हाय.

४ जानेवारी
मशीन आलं, ऑनलाइन. कानाच्या शिरेतनं थेंबभर रक्त घ्यायचं, पट्टीला लावायचं, कीटोनचा आकडा येतो. आकडा वाढला की गाय खाणं सोडते. सगळे व्हिडिओ बघितलेत.
डेअरीच्या डॉक्टर क्रांती मॅडम आल्या. म्हटल्या, मशीन चांगलं हाय, पण आधी जपायचं ते कॅल्शियम, आणि ते ह्यात दिसत न्हाय. कॅल्शियमची बाटली व्यायच्या आधी पाजू नका, अंगाला हाडातनं काढायची सवय लागू दे. पहिल्या दिवशी कास रिकामी करू नका, दुधावाटं कॅल्शियम जातं.
व्हय व्हय म्हटलं. हुशार हाईत, पण वय लहान. अभ्यास परीक्षेदिवशी करतात का आधीपासनं? बाटली आजच चालू.

७ जानेवारी
कीटोन ०.५. नॉर्मल. शेवंतीनं मान झाडून मला गव्हाणीत बसवलं. संयोगिताचा फोन. शेवंती बरी हाय का? माझं कुणी विचारत न्हाय.

१२ जानेवारी, रविवार
दोस्त राजवर्धन आणि मंडळी पन्हाळ्याला गेली रस्सा करायला. व्हिडिओ कॉल करून पातेलं दाखवलं मेल्यांनी. मी गोठ्यात. गोठा, डेअरी, गोठा. शेणाचा वास साबणाला दाद देईना. जेलातल्या माणसाला निदान सुटायची तारीख असते. ही बया व्यायचं नाव काढंना.
संयोगितानं विचारलं, येऊ का? लगेच ये म्हणायचं हुतं. तोंडातनं आलं, अजिबात न्हाय, इथं सगळं टाइट हाय.

१५ जानेवारी
व्याली! कालवड! सगळं मी एकट्यानं केलं. (शेवंतीबी हुती.)
कास नुसती तटतटलेली. चीक पिवळाधमक. पार निपटून काढला. कालवडीला पाजला, उरलेला अख्ख्या गल्लीत वाटला. चीक वाटल्याशिवाय लोकांना कळायचं कसं? शेजारची चिमणाबाई आत्ती म्हटली, बायकोपेक्षा तुझा हात मोकळा हाय. छाती फुगली.
संयोगिताचा मेसेज, कास रिकामी केली न्हाय न्हवं? मी अंगठा पाठवला.

१६ जानेवारी, सकाळी
शेवंती बसलीय, उठंना. मान पोटाकडं वळवलीय. बाळंतीण हाय, थकणारच. कीटोन ०.७. नॉर्मल.

परत, जरा वेळानं
कान गार पडलेत. आंबोण पुढं केलं, बघंना. कीटोन ०.७. मशीन काय खोटं बोलतंय?

दुपारी
हाकललं, ढकललं, शेपूट धरलं. आता मानच टाकली. मला रडू फुटलं. ऊठ की गं बाई, पाया पडतो तुझ्या. शेवटी मॅडमना फोन लावला.

संध्याकाळी
मॅडमनी मानेच्या शिरेतनं कॅल्शियम सोडलं, सावकाश. कॅल्शियम पार तळाला गेलेलं. बाटली कधीपासनं पाजली? कास कुणी पिळली? मी म्हटलं, मशीनवर नॉर्मल हाय की. त्यांनी मशीनकडं बघितलंबी न्हाय. शेवंती थरथरली, ढेकर दिला आणि धडपडत उठली.
संयोगिताला फोन त्यांनीच केला.

१७ जानेवारी
पहिल्या एसटीनं आली. भांडली न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं. सरळ गोठ्यात जाऊन शेवंतीच्या गळ्याला मिठी मारून रडली.
मी म्हटलं, पुढच्या रविवारी बारसं हाय, जा परत, आता मी शिकलोय. तिनं मोबाइल काढला. मग मॅडमना फोनवर विचारत हुती, गाय आणि कालवड टेम्पोत घालून हुपरीला न्यायला कधी चालंल? त्या म्हटल्या, जरा ताकद येऊ दे, मग सावकाश न्या.
मला जागा हाय का टेम्पोत, विचारलं.
म्हटली, वैरणीचा भारा ठेवायचाय.